टायरमध्ये जीव असल्याचे प्रमाणपत्र

मोटार चार टायरांवर चालते, ही गोष्ट मोटार बाळगणाऱ्या बहुतेक माणसांना ऐकून माहीत असते. गाडीचा रंग त्यांनी स्वतः निवडलेला असतो. सीटच्या कव्हरांवरून घरात दोन दिवस अबोला झालेला असतो. आरशाला काय टांगायचं याबद्दल आईचं एक आणि बायकोचं एक असं मत पडलेलं असतं. टायरावरून मात्र आजवर कोणत्याही घरात भांडण झाल्याचं ऐकिवात नाही. वास्तविक एक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकलेला असतो. म्हणजे अख्खं कुटुंब, डिकीतलं सामान आणि मागच्या काचेवर रंगवलेला आशीर्वाद, हे सगळं मिळून चार तळहातांवर पळत असतं. ते चार तळहात कसे आहेत हे बघायचं तर वाकावं लागतं, आणि वाकणं ही सुशिक्षित समाजाची रीत नाही (वरिष्ठांसमोर वाकणं हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही).

टायरभाऊ हे काम समाजाच्या वतीने बावीस वर्षं करत होते.

त्यांचं दुकान दोन शटरचं. आत हवेचं यंत्र, दोन जॅक, टायर रिमवरून सोडवायचं मशीन, भिंतीला लागून छतापर्यंत रचलेले नवे टायर आणि एका कोपऱ्यात काउंटर. काउंटरमागे टायरभाऊंची बायको बसत असे. दुकानाची शिस्त, चिल्लर आणि टायरभाऊंचा चष्मा या तिन्ही गोष्टी तिच्या ताब्यात होत्या. गाडी आली की टायरभाऊ ती जॅकवर घ्यायचे, चाक हाताने फिरवायचे, फिरत्या चाकावर उजवा तळवा टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मग निकाल. निकाल दोनच प्रकारचे असत. "जीव आहे अजून," किंवा "गेला." जीव असला तर चाक पुन्हा बसवून माणसाला वाटेला लावायचं. गेला असला तर टायर उतरवून तिथल्या तिथे पात्याने कापून टाकायचा, म्हणजे तो पुन्हा कुठल्या गाडीला लागायचा नाही. निकालावर अपील नव्हतं.

दहांतल्या सात टायरांत जीव निघत असे. म्हणजे दहांतली सात गिऱ्हाइकं काहीही न घेता हसत घरी जात. बायको कधीकधी म्हणायची, "अहो, आपण दुकान टायर विकायला काढलंय की आशीर्वाद द्यायला?"

"आहे त्याला गेला कसं म्हणू?" टायरभाऊ म्हणायचे. विषय संपायचा. व्यवसायाचं एकूण धोरण या एका वाक्यात मावत होतं, ही त्या धोरणातली मुख्य त्रुटी होती, असं पुढे तज्ज्ञांनी निदर्शनास आणून दिलं.

मग समोर टायरांचं शोरूम झालं. काचेचं, थंडगार, आत मासे सोडलेली पेटी. मासे कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. जिथे मासे आहेत तिथे काहीतरी शास्त्रीय चालू असणार, असं लोकांनी धरून चाललं. तिथला गणवेशातला माणूस टायराकडे न बघता "साहेब, चारही गेलेत" असं इतक्या आदराने सांगायचा, की चारच्या जागी पाच गेले असते तर बरं झालं असतं असं गिऱ्हाइकाला वाटे. दोन महिन्यांत टायरभाऊंकडे दिवसाला वीस गाड्यांच्या जागी सहा येऊ लागल्या. मग चार. एके दिवशी फक्त एक आली, आणि ती सुद्धा शोरूमचा पत्ता विचारायला.

बायकोने त्या दिवशी काउंटर दोनदा पुसला. "अहो, हे बंद पडलं तर आपण काय करणार?" तिने विचारलं. टायरभाऊंनी स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. दुसरं त्यांना काही येत नव्हतं, आणि या वयात येईल असंही वाटत नव्हतं. ते मनातून घाबरले होते. त्या दिवशी त्यांनी रिकाम्या दुकानात सगळे जॅक वंगण लावून ठेवले.

अशा वेळी घरातूनच मदत उभी राहते. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे टायरभाऊंचा मेहुणा, नुकताच 'स्थानिक व्यवसायांची प्रभावी जाहिरात' या विषयावरचं तीन दिवसांचं शिबिर करून आला होता. त्याआधी त्याने मधमाश्या, शेअर आणि इमारतींची गळती या विषयांवरचीही शिबिरं केली होती, त्यामुळे त्याचा अनुभव सर्वांगीण होता. तो आला, दुकानात मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "भावोजी, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. तुम्ही बावीस वर्षांत एकूण किती बोललात?"

"दोन वाक्यं," बायको म्हणाली.

जाहिरातीचा पहिला टप्पा येणेप्रमाणे पार पडला. दुकानावर नवा फलक लागला. त्यावर एक हसरं कुटुंब होतं. आई, बाबा, दोन मुलं, चौघांच्याही दातांत कमालीची एकवाक्यता, आणि टायर कुठेच नाही. (टायर काळा असल्यामुळे तो प्रसन्नतेला मारक ठरतो, असं शिबिरात सांगितलं होतं.) या फलकामुळे पाच जण चौकशीला आले, तिघांना कुटुंबाचा फोटो काढून हवा होता, दोघांना दाताचा डॉक्टर. त्यानंतर दोन हजार पत्रकं छापून उभ्या गाड्यांच्या वायपरखाली अडकवण्यात आली. त्यांपैकी एक हजार नऊशे चाळीस रस्त्यावर पडली, साठांचा हिशेब लागला नाही. शेवटी लाउडस्पीकर लावलेली एक गाडी दिवसभर फिरवली. "आपल्या चाकांची काळजी घ्या" असं ओरडत ती गावभर हिंडली आणि परत येताना शोरूमच्या दारात तिचं पंक्चर झालं. ते तिथेच काढून घेण्यात आलं.

मेहुणा खचला नाही. खचण्याचा भाग शिबिरात चौथ्या दिवशी होता आणि शिबिर तीन दिवसांचं होतं. त्याने जुन्या गिऱ्हाइकांची पाहणी हाती घेतली. एकशे साठ जणांना फोन करून एकच प्रश्न विचारला: आमच्या सेवेने आपण कितपत समाधानी आहात? उत्तरांचा तक्ता करून त्याने तो भिंतीवर, हवेच्या यंत्राच्या वर चिकटवला, आणि ताईला व भावोजींना समोर उभं केलं.

निष्कर्ष खळबळजनक होते. ज्यांनी टायर विकत घेतले होते, त्यांच्यापैकी एकतीस टक्के समाधानी होते. ज्यांना "जीव आहे अजून" असं सांगून परत पाठवलं होतं, त्यांच्यापैकी अठ्ठ्याण्णव टक्के. (उरलेल्या दोन टक्क्यांची तक्रार एवढीच होती, की बसायला खुर्ची नव्हती.)

"भावोजी," मेहुणा गंभीरपणे म्हणाला, "तुम्ही बावीस वर्षं चुकीची वस्तू विकताय."

"म्हणजे?"

"लोकांना टायर नकोय. लोकांना टायर नको असं ऐकायला हवंय. ते तुम्ही आजवर फुकट वाटलंत."

टायरभाऊंनी यात चूक कुठे आहे हे शोधायचा प्रयत्न केला. तक्ता बरोबर होता. बेरीज बरोबर होती. लोक खरंच हसत जात असत, हे त्यांनी स्वतः बघितलं होतं. बायको तक्त्याकडे बघत म्हणाली, "पण हे खरं बोलणंच आहे ना? मग काय हरकत आहे?" हरकत नव्हतीच. प्रामाणिकपणाची जाहिरात करण्यात अप्रामाणिक असं काय आहे? टायरभाऊंनी मान हलवली.

आठवड्याभरात फलकावरचं कुटुंब उतरलं आणि तिथे टायरभाऊंचा डोळे मिटलेला फोटो चढला. खाली एवढंच: 'टायर बदलायचा नाहीये? आमच्याकडे या.' त्याचीच एक चित्रफीत गावभर फोनांमधून फिरली. तीत टायरभाऊ फिरत्या चाकावर हात ठेवतात, सात सेकंद काहीच होत नाही, आणि मग ते म्हणतात, "जीव आहे अजून." पार्श्वभूमीला बासरी होती.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर चौदा गाड्या होत्या. आठवड्याने रांग चौकापर्यंत गेली. महिन्याने चौकात एक माणूस नेमावा लागला, जो रांगेत नसलेल्या लोकांना रांग कशाची आहे ते सांगे, आणि मग तेही रांगेत उभे राहत.

नुसत्या तोंडी निकालावर लोकांचं समाधान होईना, म्हणून प्रमाणपत्र काढण्यात आलं. 'उपरोक्त वाहनाच्या चाकांमध्ये आजमितीस जीव असल्याचे प्रत्यक्ष स्पर्शाने आढळून आले', खाली टायरभाऊंच्या तळव्याचा ठसा. सोबत काचेवर लावायचा हिरवा स्टिकर. प्रमाणपत्राचे तीन वर्ग आणि तीन दर होते: साधं, विशेष आणि कौटुंबिक. कौटुंबिकमध्ये स्टेपनीचा समावेश असे आणि ते चौकटीत बसवून मिळत असे. लोक ते दिवाणखान्यात लावू लागले. लग्न ठरवताना मुलाकडचे ते मागू लागले. एक भाडेकरू घरमालकाला ते दाखवून म्हणाला, "बघा, आम्ही जबाबदार माणसं आहोत," आणि घरमालकाने त्याला वर्षभराची मुदत वाढवून दिली.

लवकरच लोक टायराखेरीज इतर वस्तूही आणू लागले. एक गृहस्थ बारा वर्षांचा फ्रिज घेऊन आले. एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या, टायरभाऊंनी सवयीने त्याच्या खांद्यावर तळवा ठेवला, आणि ते काही बोलायच्या आतच बाई म्हणाल्या, "राहू दे, मी विचार करून येते." बुडीत निघालेल्या एका संस्थेच्या अध्यक्षांनी तर त्यांना कार्यालयाच्या भिंतीवर हात ठेवण्याचं निमंत्रण दिलं. टायरभाऊ गेले नाहीत. पण वर्तमानपत्रात बातमी आली, की संस्थेने त्यांना पाचारण केलं आहे, आणि तेवढ्यावर संस्था आणखी सहा महिने तगली.

या सगळ्यात टायरविक्रीचा प्रश्न आपोआप सुटला. गेल्या त्र्याहत्तर दिवसांत दुकानातून एकही टायर विकला गेला नव्हता. भिंतीला लागून रचलेले नवे टायर खाली उतरवून आडवे मांडण्यात आले होते आणि रांगेतली माणसं त्यांवर बसत होती. खुर्ची नसल्याची तक्रार करणाऱ्या त्या दोन टक्क्यांना खास फोन करून हे कळवण्यात आलं.

एक तांत्रिक अडचण मात्र उरली होती. रांगेतले बहुतेक जण धडधाकट टायरच घेऊन येत, तरी शंभरांतल्या दोन गाड्यांचे टायर गेलेलेच निघत होते. टायरांना जाहिरात समजत नाही, हा त्यांचा मोठा दोष आहे.

पहिल्या आठवड्यात टायरभाऊ सरळ "गेला" म्हणत. त्यामुळे रांगेत खिन्नता पसरे. तीन तास उभं राहून हे ऐकायचं? दोघांनी तर "यापेक्षा समोर गेलो असतो, तिथे मासे तरी आहेत" असं फोनवरच्या अभिप्रायात लिहून दुकानाला पाचांपैकी एकेक तारा दिला. मेहुण्याने बैठक बोलावली. हजर: मेहुणा, ताई, भावोजी. विषय: 'गेला' या शब्दाचे व्यवस्थापन.

"भावोजी, गेला म्हणूच नका असं मी म्हणत नाही," मेहुणा म्हणाला. "योग्य मार्गाने म्हणा." योग्य मार्ग असा ठरला: गेलेल्या टायराला यापुढे 'विचाराधीन' म्हणायचं, काचेवर पिवळा स्टिकर लावायचा आणि नोंदवहीत नाव घालून दोन महिन्यांनी फेरतपासणीला बोलवायचं. कापण्याचं पातं भिंतीवर टांगून ठेवायचं. फोटोत ते चांगलं दिसे.

टायरभाऊंनी नाही म्हणून बघितलं. मग बायकोकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला चाकं असलेली फिरती खुर्ची मिळाली होती, आणि ती खुर्चीत बसल्या बसल्या काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती, कारण नसताना. तिला असं हसताना बघून त्यांना बरं वाटलं होतं. ते गप्प बसले. गप्प बसणं त्यांना जमायचंच, आजवर त्याचा कोणाला त्रास झाला नव्हता एवढंच.

पिवळा स्टिकर सुबक निघाला. सोनेरी कड, जाड कागद. हिरवेवाले तो बघून चौकशी करू लागले, की हा वरचा वर्ग आहे का, आणि तो मिळवायला काय करावं लागतं. पिवळेवाले खांदे उडवून म्हणत, "त्यांनी आमचं प्रकरण विचारात घेतलंय." तीन महिन्यांत दोनशेच्या वर पिवळ्या गाड्या झाल्या. त्या गावातून रुबाबात फिरत असत.

टायरभाऊंचा तळवा आताशा बधिर होऊ लागला होता. दिवसाला एकशे चाळीस गाड्या, गाडीला नव्वद सेकंद. पण पिवळी गाडी रस्त्याने जाताना दिसली, की त्यांच्या हाताला बरोबर कळे. ते मान वळवत. कोणी विचारलं तर डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगत.

आणि मग फेरतपासणीला व्हॅनकाका आले.

व्हॅनकाका शाळेची मुलं ने-आण करायचे. व्हॅनमध्ये चौदा मुलं, चौदा दप्तरं, चौदा पाण्याच्या बाटल्या आणि एक गाणं, जे रोज सुरू होई आणि कधी पुरं होत नसे. ते टायरभाऊंचे पंधरा वर्षांचे गिऱ्हाईक. पूर्वी "गेला" म्हटलं की ते "बरं" म्हणत आणि बाहेर विडी ओढत उभे राहत. गेल्या वेळी त्यांना पिवळा स्टिकर मिळाला होता. पालकांनी तो बघून त्यांचं कौतुक केलं होतं, त्यामुळे आज ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मुलं शाळेत होती. साडेतीनला त्यांना घ्यायला जायचं होतं.

व्हॅन जॅकवर चढली. रांगेतल्या लोकांनी सवयीप्रमाणे फोन वर धरले. टायरभाऊंनी मागचं डावं चाक फिरवलं, तळवा टेकवला आणि डोळे मिटले. लगेच उघडले. हात मागे घेतला तर तळव्यातून रक्त येत होतं. नक्षी केव्हाच झिजून गेली होती, रबराखालची तार उघडी पडली होती आणि तिने बधिर तळव्यालाही सांगायचं ते सांगितलं.

"गेला," टायरभाऊ म्हणाले.

व्हॅनकाकांचा चेहरा उतरला. "भाऊ, असं चारचौघांत?"

"गेला म्हणजे गेला. ही गाडी या टायरावर हलायची नाही."

"अहो पण विचाराधीन होता ना? दोन महिने मी फिरवतोय. काही झालं का?"

"दोन महिन्यांपूर्वीही गेलाच होता," टायरभाऊ म्हणाले. "मला कळलं होतं. मी बोललो नाही. चौदा पोरं बसतात हे माहीत असून बोललो नाही. माझं चुकलं."

हे वाक्य कोणत्याच वर्गात बसत नव्हतं. मेहुणा धावत पुढे आला आणि फोनांकडे तोंड करून म्हणाला, "भाऊंना असं म्हणायचंय, की तपासणी प्रगतिपथावर आहे." रांगेतून एक आवाज आला, "जाहिरातीत असं नव्हतं." दुसरा म्हणाला, "इथे लोक समाधानासाठी येतात हो." तिसऱ्याने विचारलं, की आता आमच्या पिवळ्याचं काय, आणि चौथ्याने त्याला गप्प केलं, कारण चौथ्याला उत्तर ऐकायचं नव्हतं.

टायरभाऊंनी चाक उतरवलं, टायर रिमवरून सोडवला, भिंतीवरचं पातं काढलं आणि टायराच्या बाजूला आरपार चीर दिली. फोटो काढणारे सुद्धा फोटो काढायचे थांबले.

व्हॅनकाका चांगलेच दुखावले. "पंधरा वर्षं येतोय मी! समोरच्याने फोटोवर प्रमाणपत्र दिलं असतं, वाकला सुद्धा नसता." (हे खरं होतं. शोरूमने महिन्याभरापूर्वीच टायर विकणं कमी करून 'फोटो पाठवा, जीव मिळवा' ही योजना सुरू केली होती.) त्यांनी फोन काढून पालकांच्या ग्रुपवर सगळी हकिगत टाकली. पालक सुजाण होते. त्यांनी तत्काळ मतदान घेतलं. पर्याय तीन: जीव आहे, गेला, मुख्याध्यापक ठरवतील ते मान्य. सव्वीस पालकांपैकी सतरा जणांनी टायरात जीव असल्याचं बहुमताने ठरवलं. दोघांनी 'गेला'ला मत दिलं, पण त्यांपैकी एकाचं बोट चुकून लागलं होतं. चौघांनी मुख्याध्यापकांवर सोपवलं. तिघांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. ते कोणत्या बाजूने धरायचं यावर चर्चा सुरू झाली.

मतदान चालू असताना टायर आरपार चिरलेल्या अवस्थेत जमिनीवर पडलेला होता.

आता नवा टायर हवा होता, आणि नव्या टायरांवर लोक बसलेले होते. त्या मापाचा टायर एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या खाली होता. टायरभाऊंनी त्यांना उठायची विनंती केली. त्यांनी विचारलं, "उठलो तर माझा नंबर जाईल का?" टायरभाऊ रक्ताळलेला हात धरून तसेच उभे राहिले.

तेव्हा बायको खुर्चीतून उठली. ती खुर्ची तिने पायाने मागे ढकलली, काउंटरला वळसा घालून आली आणि अधिकाऱ्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "उठा बघू. त्यावर चौदा पोरं बसायची आहेत." अधिकारी उठले. नोकरीत असतानाही ते इतक्या लवकर कधी उठले नव्हते. तिने टायर स्वतः ओढत मशीनपाशी आणला, पदराने नवऱ्याचा हात बांधला आणि हळूच म्हणाली, "अहो, मलाही कळत होतं. मी खुर्चीत बसून राहिले." मेहुणा "ताई, ताई" करत राहिला. तिने त्याला चाकाचे नट धरायला दिले.

टायर बसला. पैसे मागितले नाहीत, दिलेही गेले नाहीत. तीन वाजून दहा मिनिटांनी व्हॅनकाका निघाले, आणि जाताना त्यांनी पिवळा स्टिकर नखाने खरवडून काढला, जणू त्यांचा काहीतरी सन्मान काढून घेतला गेला होता. टायरभाऊ व्हॅन वळेपर्यंत दारात उभे होते. साडेचारला व्हॅन परत त्याच रस्त्याने गेली. आत चौदा मुलं होती आणि अर्धवट गाणं चालू होतं. टायरभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी धूळ नव्हती.

संध्याकाळी व्हॅनकाकांचा अभिप्राय आला. एक तारा. 'अत्यंत वाईट अनुभव. मुलं सुखरूप घरी पोचली, पण वागणूक बरोबर नाही.' हा अभिप्राय तीनशे चाळीस लोकांना उपयुक्त वाटला.

दुसऱ्या दिवशी टायरभाऊंनी नोंदवही काढली आणि पिवळ्या स्टिकरवाल्या दोनशे बारा जणांना स्वतः फोन केले. बायको नंबर लावून देई, ते फक्त म्हणत, "तुमचा टायर गेलाय. मी आधीच सांगायला हवं होतं. या, बदलून देतो." दोनशे बारांपैकी एकशे चाळीस जणांनी मधेच फोन ठेवला. अडतीस जण म्हणाले, की फोटोत तर बरा दिसतो. एकोणीस जणांनी आमचा नंबर कोणी दिला असं विचारलं. नऊ जणांनी बघून घेईन म्हटलं. सहा जण प्रत्यक्ष आले. त्यांतल्या दोघांना प्रमाणपत्रावरच्या नावात दुरुस्ती करून हवी होती. म्हणजे चार टायरवाले निघाले. टायरभाऊंनी चौघांचे टायर बदलले, जुने कापले, आणि त्या दिवशी ते नीट जेवले.

रांग आठवड्यात विरली. तारे पाचावरून एक पूर्णांक दोन दशांशावर आले. मेहुणा समोरच्या शोरूममध्ये 'समाधान विभागा'चा प्रमुख झाला. जाताना ताईच्या पाया पडला आणि तक्ता काढून घेऊन गेला. शोरूममध्ये आता टायर मिळत नाहीत, फक्त मासे आणि प्रमाणपत्रं आहेत, आणि दोन्ही बघायला गर्दी असते. शहरातली टायरविक्री वर्षभरात एक्केचाळीस टक्क्यांनी घटली असून वाहनधारकांचं समाधान त्याच प्रमाणात वाढलं आहे. रुग्णालयाने अस्थिविभागात बारा खाटा वाढवल्या आहेत. या दोन घटनांचा संबंध असल्याचं अद्याप सिद्ध झालेलं नाही. ते विचाराधीन आहे.

टायरभाऊंचं दुकान चालू आहे. दिवसाला चार-पाच गाड्या येतात. रांग नाही, बासरी नाही. वाट बघावी लागत नाही. तळव्याची जखम भरली आहे आणि हाताला पुन्हा पूर्वीसारखं कळतं. निकाल दोनच.

सुजाण वाचकहो, हे वाचता वाचता आपल्याला नक्की कोणाची तरी आठवण झाली असेल. एखादा शेजारी, एखादे साहेब, सख्खा भाऊ. ज्याच्या गाडीचे टायर पार गुळगुळीत झालेत आणि ज्याला सांगितलेलं ऐकू येत नाही. हे त्याला वाचायला पाठवावं, असंही आपल्या मनात येऊन गेलं असेल. त्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. शंभरांतल्या सत्त्याण्णव वाचकांना हे वाचताना असंच दुसरं कोणीतरी आठवतं. उरलेल्या तिघांकडे गाडी नाही.